रेष आणि संमती : घटनादुरुस्तीतील राज्यांचा वाटा आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख



साहित्याच्या व्याख्यानमालेत घटनादुरुस्तीसारखा विषय ऐकायला मिळेल, असे आपल्यापैकी अनेकांना वाटले नसेल. पण या विषयाचा एक धागा थेट आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. आपली सोयरीक नरखेड, काटोल, सावनेर, वरूडला. दवाखान्याचे काम निघाले की पाय वळतात नागपूरकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमार भरते तेव्हा कानावर मराठी पडते. पण पटवाऱ्याकडचा खसरा हिंदीत, शाळेचे मंडळ भोपाळचे, आणि विधानसभाही भोपाळची. तिगावच्या स्टेशनावर उभे राहिले तर नागपूर शंभराच्या आसपास किलोमीटर, आणि भोपाळ त्याच्या अडीच-तीन पट. मग आपण इकडे कसे राहिलो, हा प्रश्न प्रत्येक पिढीत एकदा तरी विचारला जातो. कोणी सांगतो, नागपूरच्या पुढाऱ्यांनी लक्ष दिले नाही. कोणी सांगतो, दिल्लीत कोणाला तरी आपला विसर पडला.

या दोन्ही उत्तरांवर आपण फार काळ समाधान मानले आहे. खरे उत्तर राज्यघटनेच्या दोन कलमांत आहे. एका कलमात घटना बदलताना राज्यांची संमती लागते. दुसऱ्या कलमात राज्याची हद्द बदलताना ती लागत नाही. आपले भवितव्य दुसऱ्या दाराने ठरले, आणि त्यावर उतारा म्हणून जे काही मिळाले ते पहिल्या दाराने आले. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे.

आधी मुलखाकडे पाहू. हा भाग देवगडच्या गोंड राजांचा. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने नागपूर वसवले आणि पुढे ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आले. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले, इंग्रजांनी दत्तक नाकारून राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण केला. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभारही या प्रांताला जोडला गेला. छिंदवाडा जिल्हा या प्रांतातला. इंग्रजी अमदानीतल्या वर्णनांत या जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले दिसतात. एक घाटावरचा सातपुड्याचा, दुसरा घाटाखालचा, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला. हा घाटाखालचा भाग म्हणजे सौंसर तहसील. पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा ही गावे त्यातलीच. म्हणजे जमिनीचा उतार, कापसाचा बाजार आणि बोली या तिन्ही गोष्टी नागपूरकडे तोंड करून होत्या. जिल्ह्याची कचेरी मात्र घाटावर होती.

जोपर्यंत प्रांताची राजधानी नागपूर होती, तोपर्यंत या विसंगतीचा कोणाला त्रास नव्हता. छिंदवाड्याला कचेरी असली तरी हायकोर्ट, सचिवालय, कॉलेज, वर्तमानपत्रे सगळे नागपूरला. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशातही हेच चालू राहिले. त्या राज्यात २२ जिल्हे होते, त्यांपैकी ८ मराठी आणि १४ हिंदी धरले जात. मराठी की हिंदी, हा शिक्का अख्ख्या जिल्ह्यावर मारला जाई. छिंदवाडा जिल्ह्यावर हिंदीचा शिक्का होता. आपली पुढची सगळी गोष्ट या एका शिक्क्यातून निघते.

आता पहिल्या दाराकडे वळू, म्हणजे कलम ३६८ कडे. घटना बदलायची असेल तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत हवे. बहुतेक दुरुस्त्यांना एवढे पुरते. पण काही कलमे अशी आहेत की ती बदलली तर राज्यांच्या अधिकाराला धक्का बसतो. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्य यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये, कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतील केंद्राची, राज्यांची व समवर्ती अशा तिन्ही याद्या, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम ३६८. यांना हात लावायचा तर संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्रपतींकडे जाण्यापूर्वी किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून त्याला अनुसमर्थन द्यावे लागते.

या अनुसमर्थनाची रीत साधी आहे. विधानमंडळ विधेयकात शब्दाचाही फेरफार करू शकत नाही. ते हो म्हणते किंवा म्हणत नाही. साधे बहुमत पुरते. घटनेने त्यासाठी मुदत घातलेली नाही. सगळ्या राज्यांनी होकार द्यावा असेही नाही. निम्मी राज्ये भरली की काम झाले, उरलेल्यांनी ठराव केला काय आणि न केला काय. अमेरिकेत तीन-चतुर्थांश राज्यांचे अनुमोदन लागते, म्हणून तिथे घटना क्वचित बदलते. ऑस्ट्रेलियात प्रश्न थेट मतदारांपुढे जातो आणि देशभरातल्या बहुमताबरोबर बहुसंख्य राज्यांतही बहुमत मिळावे लागते. आपल्या घटनाकारांनी मधला मार्ग घेतला.

हे दार घटना लागू झाल्यावर दोनच वर्षांत वापरले गेले. १९५१ ची पहिली दुरुस्ती राज्यांकडे गेली नव्हती. १९५२ ची दुसरी गेली, कारण लोकसभेतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता. १९५४ ची तिसरी गेली, कारण समवर्ती सूचीतील नोंद बदलायची होती. १९५६ ची सहावी विक्रीकराबद्दल होती, तीही गेली. सातवीकडे आपण थोड्या वेळाने येऊ, कारण ती आपली आहे.

आता दुसरे दार, कलम ३. नवे राज्य करणे, एका राज्याचा भाग काढून दुसऱ्याला जोडणे, हद्द किंवा नाव बदलणे, हे सगळे संसद साध्या कायद्याने करू शकते. दोनच अटी आहेत. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस हवी, आणि ज्या राज्यावर परिणाम होतो त्याच्या विधानमंडळाचे मत मागवायला हवे. मत मागवायचे, संमती नव्हे. हा फरक आपण नीट ध्यानात घ्यावा. लगेच पुढे कलम ४ सांगते की असा कायदा कलम ३६८ पुरता घटनादुरुस्ती समजला जाणार नाही. म्हणजे घटनेच्या पहिल्या अनुसूचीत राज्यांची यादी बदलते, नकाशा बदलतो, लाखो माणसांची राजधानी बदलते, पण कायद्याच्या भाषेत ती घटनादुरुस्ती नसते. दोन-तृतीयांश बहुमत नको, राज्यांचे अनुसमर्थन नको.

हे पहिल्यापासून असे नव्हते. १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या घटनेच्या मसुद्यात वेगळी तरतूद होती. जो प्रदेश एका राज्यातून वेगळा करायचा, त्या प्रदेशाच्या विधानमंडळातील प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी मागणी करावी, किंवा संबंधित राज्याच्या विधानमंडळाने ठराव करावा, तेव्हाच विधेयक मांडता येईल, अशी अट होती. तिच्यातला पहिला पर्याय पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्या प्रदेशाचेच प्रतिनिधी! ती तरतूद टिकली असती तर घाटाखालच्या भागाच्या आमदारांच्या सहीला घटनेत जागा मिळाली असती. पण घटना समितीत चर्चेच्या वेळी हा भाग गळाला आणि पुढाकार केंद्राकडे गेला. प्रा. के. टी. शहा यांनी राज्यांच्या विधानमंडळांकडून प्रस्ताव यावा असा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. पुढे २४ डिसेंबर १९५५ च्या पाचव्या दुरुस्तीने विधानमंडळाने किती मुदतीत मत द्यावे हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. मुदतीत मत आले नाही तरी काम अडत नाही.

आपल्याकडून पाहिले तर हे अन्यायाचे वाटते. पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. राज्याची संमती आवश्यक केली असती तर त्या राज्यातल्या बहुसंख्य भाषकांना अल्पसंख्य भाषकांना कायम धरून ठेवता आले असते. २२ पैकी १४ हिंदी जिल्हे असलेल्या विधानसभेच्या होकारावर विदर्भाची सुटका अवलंबून राहिली असती. मुंबई राज्याच्या विधानमंडळात गुजराती आणि मराठी प्रतिनिधींचे एकमत होईपर्यंत १ मे १९६० थांबून राहिला असता. अगदी अलीकडे, जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी संसदेने ते संमत केले आणि तेलंगणा झाले. भाषावार महाराष्ट्र झाला तो याच सैल कलमामुळे, आणि आपण बाहेर राहिलो तेही याच कलमामुळे. एकाच दाराने नागपूर गेले आणि तिगाव राहिले.

आता १९५६ ची हकीकत. संयुक्त महाराष्ट्राची मागणी साहित्याच्या व्यासपीठावरून १९४६ मध्ये बेळगावच्या संमेलनात झाली, हे आपल्यासारख्या मंडळाला आठवण करून द्यायला नको. त्या संमेलनाचे अध्यक्ष नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर. त्याआधीच, १९३८ मध्ये, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला होता. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार हे पुढचे टप्पे. २९ डिसेंबर १९५३ रोजी राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. अध्यक्ष फाजल अली, सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी अहवाल दिला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे, अशी त्यांची शिफारस होती. आयोगाने हद्दी आखताना सामान्यतः जिल्हा हाच घटक धरला. खेडे हा घटक धरावा ही मराठी पक्षाची मागणी होती, ती आयोगाने मानली नाही. खेडे घटक धरला असता तर सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर यांची चौकशी गावागणिक झाली असती. जिल्हा घटक धरल्यावर प्रश्न उरलाच नाही. छिंदवाड्यावरचा शिक्का पाहिला की सौंसर त्यात आपोआप आले.

कोणी म्हणेल, तहसील तोडणे प्रशासनाला शक्यच नव्हते. तसे नाही. त्याच कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला, पण चंदगड तालुका वगळून तो मुंबई राज्यात ठेवला. कासरगोड तालुका दक्षिण कानडा जिल्ह्यातून काढून केरळला दिला. त्रावणकोर-कोचीनमधले अगस्तीश्वरम, तोवाळा, कल्कुळम आणि विळवंकोड हे तामीळ तालुके मद्रासला गेले. अबूरोड तालुका राजस्थानला गेला. आणि खुद्द नव्या मध्य प्रदेशात राजस्थानातून सिरोंज उपविभाग आला, तर मंदसौर जिल्ह्यातील भानपुरा तहसिलीतला सुनेल टप्पा राजस्थानला गेला. सुनेल टप्पा म्हणजे तहसिलीचाही तुकडा! म्हणजे कात्री तहसिलीपेक्षाही बारीक चालत होती. पण जिथे दोन्ही बाजूंनी जोर लागला किंवा दोन राज्यांचा सौदा जमला तिथेच ती चालली. नागपूर-विदर्भाचे पुढारी आठ जिल्ह्यांचे काय होणार यात गुंतले होते. विदर्भ वेगळा की संयुक्त महाराष्ट्रात, हा वाद इतका मोठा होता की घाटाखालच्या एका तहसिलीसाठी भांडायला कोणाचा हात मोकळा नव्हता.

विधेयक १८ एप्रिल १९५६ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशी तीन घटकांची योजना होती. राज्यांच्या विधानमंडळांची मते मागवली गेली ती या योजनेवर. ऑगस्टमध्ये लोकसभेने ती बदलली आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्यासह एकच विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य केले. १० ऑगस्टला लोकसभेने, २५ ऑगस्टला राज्यसभेने विधेयक संमत केले आणि ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बदललेली योजना पुन्हा विधानमंडळांपुढे आलीच नाही.

याला आव्हान दिले ते बाबुलाल पराते यांनी. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या योजनेवर मत मागवले ती एक आणि कायदा झाला दुसऱ्याच योजनेचा, मग कलम ३ ची अट पाळली कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर १९५६ मध्ये अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी तोच निर्णय कायम केला. न्यायमूर्ती एस. के. दास यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा : मूळ प्रस्तावावर मत मागवले की अट पुरी होते. संसद त्या मताने बांधलेली नाही. मूळ प्रस्तावाशी सुसंगत असलेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा राज्याकडे जाण्याची गरज नाही. आजही कलम ३ चा अर्थ लावताना वकील हाच निकाल पुढे करतात. जिथे अख्ख्या मुंबई राज्याचे बदललेले रूप पुन्हा विचारले गेले नाही, तिथे एका तहसिलीला कोण विचारणार?

या कायद्याच्या पाठोपाठ सातवी घटनादुरुस्ती आली. क्रम पाहा. रेष आधी ओढली गेली, घटना नंतर तिच्या मापाने बेतली गेली. या दुरुस्तीने राज्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग मोडले, राज्यसभेतील जागांची फेरवाटणी केली, उच्च न्यायालयांच्या तरतुदी बदलल्या. म्हणून ती कलम ३६८ च्या पहिल्या दाराने जावी लागली. त्या वेळी कलमात निम्मी राज्ये म्हणजे अ आणि ब वर्गातील राज्यांपैकी निम्मी, असे स्पष्ट लिहिलेले होते. अ वर्गात १० आणि ब वर्गात ८ राज्ये होती. भोपाळ आणि विंध्य प्रदेश ही क वर्गातली, म्हणून नव्या मध्य प्रदेशात विलीन होताना अनुसमर्थनाच्या मोजणीत त्यांना स्थान नव्हते. संसदेने सप्टेंबरमध्ये विधेयक संमत केले, विधानमंडळांचे अनुसमर्थन झाले आणि १९ ऑक्टोबर १९५६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ नोव्हेंबरला कायदा आणि दुरुस्ती दोन्ही एकदम अमलात आली. ज्यांना अनुसमर्थनाचा हक्क होता त्यांतली मध्य भारत, हैदराबाद, सौराष्ट्र ही राज्ये त्या सकाळी नकाशावर उरली नव्हती. जुन्या मध्य प्रदेशाचे नाव उरले, पण त्याची राजधानी भोपाळला गेली आणि हायकोर्ट जबलपूरला. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री राहिले. आपल्या तहसिलीचे नागपूर एका रात्रीत परराज्यातले शहर झाले.

आता जी गोष्ट आपल्या घराघरांत माहीत असायला हवी ती सांगतो. याच सातव्या दुरुस्तीने घटनेत दोन नवी कलमे घातली, ३५० क आणि ३५० ख. पहिले सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, आणि राष्ट्रपती त्यासाठी राज्याला निर्देश देऊ शकतील. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्यकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. पहिले अधिकारी, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश बी. मलिक, १९५७ मध्ये नेमले गेले. त्याच दुरुस्तीने कलम ३७१ बदलून विदर्भ आणि मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळांची वाट मोकळी केली. जे मराठी लोक आत गेले त्यांना विकासाचे आश्वासन, जे बाहेर राहिले त्यांना भाषेचे. आपल्या वाट्याला ३५० क आले. आणि ते आले राज्यांच्या अनुसमर्थनाने. म्हणजे देशातल्या राज्यांनी एकदा तरी आपल्यासाठी हो म्हटले आहे.

केंद्र सरकारने १९५६ मध्येच संसदेपुढे एक निवेदन ठेवले. त्यात १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचे सूत्र पुढे चालवले होते : शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेच्या शिक्षकाची सोय करावी. आणखी असे की जिल्ह्यात, किंवा नगरपालिका-तहसील अशा लहान भागात, एखाद्या भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात. इथे तहसील हा घटक मान्य झाला. हद्द ठरवताना जी तहसील कोणाला दिसली नाही, ती सूचना छापताना दिसली.

योगायोग असा की १९५७ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते हरि विनायक पाटसकर, खानदेशातले मराठी कायदेपंडित. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीचा तंटा त्यांनीच सोडवला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे त्यांचे सूत्र. त्यावर १९५९ मध्ये संसदेने कायदा केला आणि गावे इकडची तिकडे गेली. पुढे बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने सतत पाटसकर सूत्राचाच आग्रह धरला. ज्यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते ते सात-आठ वर्षे भोपाळच्या राजभवनात आपले राज्यपाल होते. पण सूत्र आपोआप लागू होत नसते. दोन राज्ये तंटा घेऊन उभी राहतात तेव्हाच ते उपयोगी पडते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात असा तंटा उभा राहिला नाही. भांडण नसल्याने आपण शांततेत नांदलो, हे मोठे सुख आहे. त्याची किंमत एवढीच की आपला प्रश्न कोणाच्याच फाइलवर राहिला नाही.

वेगळी वाट शक्य होती का? स्वित्झर्लंडकडे पाहू. बर्न या जर्मन भाषकांच्या कँटनमध्ये जुरा हा फ्रेंच भाषक भाग होता. १९७४ मध्ये त्या भागात मतदान झाले, नंतर जिल्हावार आणि मग सीमेवरच्या गावांत गावागणिक मतदान झाले. १९७८ मध्ये सगळ्या देशाने आणि कँटनांनी घटनादुरुस्तीला मान्यता देऊन नवे जुरा कँटन स्वीकारले. मूतिए नावाच्या गावाने तर २०२१ मध्ये पुन्हा मत देऊन जुराकडे जाण्याचा कौल दिला. तिथे हद्द बदलणे हीच घटनादुरुस्ती, आणि तिची सुरुवात गावातून. ऑस्ट्रेलियातही राज्याची हद्द बदलायला त्या राज्याच्या संसदेची आणि मतदारांची संमती लागते. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या.

त्याचा अनुभव आपल्याला अलीकडेच आला. वस्तू व सेवा कराची १०१ वी घटनादुरुस्ती संसदेने ऑगस्ट २०१६ मध्ये संमत केली. करांचा अधिकार हा राज्यांचा, म्हणून अनुसमर्थन लागले. सर्वात आधी आसामने ठराव केला. मध्य प्रदेशाने आणि महाराष्ट्राने त्याच महिन्यात केला. निम्म्याहून अधिक राज्यांचे ठराव आल्यावर ८ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जुलै २०१७ पासून नवा कर सुरू झाला. देशभरातील बहुतेक राज्यांनी सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठवले. सौंसरहून सावनेरकडे निघालेल्या मालावर कोणी कसा कर घ्यावा, हे बदलायला निम्म्या राज्यांची संमती घ्यावी लागली. सौंसर आणि सावनेर यांच्यामध्ये रेष ओढताना एकाही राज्याची घ्यावी लागली नव्हती. घटनेने राज्याच्या तिजोरीला दिलेले संरक्षण सीमेवरच्या माणसाला दिले नाही. राज्यांची संमती म्हणजे सरकारांची संमती. त्या सरकारांच्या कडेला राहणाऱ्यांचा आवाज तिच्यात येईलच असे नाही.

मग आज काय करायचे? सीमा हलवण्याची हाक मी देत नाही. सहा-सात दशकांत आपली शेती, नोकऱ्या, नाती, शेजार सगळे या राज्यात रुजले आहे. हिंदी आपल्याला परकी राहिलेली नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर व पांढुर्णा या दोन तहसिली एका छताखाली आल्या. या घटनेचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही असे मला वाटते. १९५६ मध्ये जिल्हा हा घटक होता आणि आपण दुसऱ्या जिल्ह्याची एक कड होतो. आता घाटाखालचा भाग स्वतःच जिल्हा आहे. भाषेच्या टक्केवारीचा हिशेब जिल्ह्यावर करायचा असेल तर तो आता आपल्यावर होईल. ज्या मापाने आपण एकदा हरलो, तेच माप आता आपल्या बाजूने लावता येते.

पण माप लावायला आकडा लागतो, आणि आकडा आपण लिहून द्यायचा असतो. ३५० क हे कलम प्रयत्न करावा असे म्हणते, त्यात सक्ती नाही. मागणी आली नाही तर प्रयत्न कशासाठी करायचा, असे कोणतीही कचेरी विचारील आणि तिचे म्हणणे चूक ठरणार नाही. शाळेच्या दाखल्यात मुलाची मातृभाषा आपण काय लिहितो? अर्ज हिंदीत असतो, मास्तर घाईत असतात, आणि हात सवयीने हिंदी लिहून मोकळा होतो. जनगणनेचा माणूस दाराशी येतो, मातृभाषा विचारतो, आणि आपण हिंदीतच बोलत असल्याने तो हिंदी लिहून पुढे जातो. असा एकेक रकाना भरत गेला की वर्गात १० मुले सापडत नाहीत, शाळेत ४० सापडत नाहीत. मग मराठीचा शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते. तक्रार करायला आपल्याजवळ आपलेच आकडे नसतात.

१९५६ मध्ये आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारले नाही. ती त्यांची चूक नव्हती, घटनेच्या त्या कलमात त्यांना जागाच नव्हती. आज दोन ठिकाणी आपल्याला विचारले जाते, शाळेच्या अर्जात आणि जनगणनेत. घरी गेल्यावर मुलांच्या, नातवंडांच्या दाखल्यात मातृभाषेचा रकाना काय सांगतो ते एकदा काढून पाहावे, आणि जनगणनेचा माणूस येईल त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने ओट्यावर बसून राहावे. तो विचारील, आणि आपण सांगायचे : मराठी.